घोट्याचं बीपी

‘बीपी किती?’ असं साठीच्या पुढच्या कुणालाही विचारा, आकडा तयार असतो. ‘एकशे चाळीस-नव्वद, गोळी चालू आहे.’ कोविडच्या काळात तर घरोघरी बीपीची मशीनं आली आणि सकाळी चहाच्या आधी दंडाला पट्टा गुंडाळणं हा अनेकांचा नित्यनेम झाला. हा आकडा दंडाचा असतो हे कुणी बोलून दाखवत नाही, कारण दंडाशिवाय आणखी कुठे बीपी मोजतात हे फारसं कुणाच्या कानावरच आलेलं नसतं.

पायाचंही बीपी मोजतात. तसाच पट्टा घोट्याच्या वर गुंडाळायचा, घोट्याचा वरचा, म्हणजे सिस्टोलिक आकडा घ्यायचा आणि त्याला दंडाच्या वरच्या आकड्याने भागायचं. भागाकार एक किंवा एकच्या थोडा वर आला, तर पायाकडे रक्त नीट पोचतंय असं धरतात. ०.९० किंवा त्याहून कमी आला, तर हृदयापासून घोट्यापर्यंतच्या वाटेत कुठेतरी धमनी अरुंद झाली आहे. या भागाकाराचं नाव ‘अँकल-ब्रेकियल इंडेक्स’. दवाखान्यातल्या बोलण्यात नुसतं ‘एबीआय’. यात सुई नाही, क्ष-किरण नाहीत, उपाशीपोटी जावं लागत नाही. पंधरा-वीस मिनिटांचं काम. तरीही वीस-वीस वर्षं साखरेच्या गोळ्या खाणारी अशी माणसं सहज भेटतात, ज्यांच्या पायाला हा पट्टा एकदाही लागलेला नाही. त्यातल्या काहींच्या पायाकडे डॉक्टरांचं लक्ष पहिल्यांदा जातं ते अंगठा काळा पडल्यावर.

आधी मोजे काढा

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी, मधुमेही पायांसाठी आठवड्यातून एकदा चालणाऱ्या ओपीडीत ही तपासणी जवळून बघायला मिळाली. टेबलावर एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हरकाका होते. तक्रार साधी. चालताना उजवी पोटरी भरून येते.

“स्टँडपासनं बाजारपेठेपर्यंत एका दमात जायचो डॉक्टरसाहेब. आता मधेच पाय धरतो.”

त्याआधी गुडघ्याचा एक्स-रे झाला होता, कॅल्शियमच्या गोळ्या झाल्या होत्या, मणक्याचा एमआरआय झाला होता आणि कुणीतरी सांगितलेलं तेलही चोळून झालं होतं. डॉक्टरांनी फाइल बाजूला ठेवली आणि विचारलं, “पाय धरला की खाली बसावं लागतं, की नुसतं उभं राहिलं तरी उतरतं?”

“उभं राहिलं तरी उतरतंय. टपरीशी दोन मिनटं थांबतो, की परत चालू.”

हा प्रश्न बिनपैशाचा असला तरी अर्धं निदान तोच करतो. मणक्यातली नस दबली असेल तर माणसाला बसावं किंवा कमरेत वाकावं लागतं, मग आराम पडतो. रक्त कमी पडत असेल तर नुसतं थांबणं पुरतं. आणि दुखणं दर वेळी साधारण तेवढ्याच अंतरावर येतं. चढ असला तर आधी, सपाटीवर थोडं उशिरा.

“काका, मोजे काढा, पँट गुडघ्यापर्यंत वर घ्या आणि पाठीवर झोपा. आता दहा मिनटं बोलायचं नाही,” सिस्टरने सांगितलं. झोपणं महत्त्वाचं. उभ्या माणसाच्या घोट्यावर वरच्या रक्ताच्या स्तंभाचा भार पडतो आणि तिथला दाब सत्तर-ऐंशी मिलिमीटरने वाढलेला दिसतो; बसल्यावरही तो बराच चढलेला असतो. आडवं झाल्यावर हृदय, दंड आणि घोटा एका पातळीत येतात. मगच तुलनेला अर्थ.

दोन्ही दंडांना आणि दोन्ही घोट्यांच्या दोन बोटं वर पट्टे बांधले गेले. सिस्टरने पावलाच्या पाठीवर जेलीचा थेंब सोडला आणि जाड पेन्सिलीसारखा प्रोब तिरका टेकवला. हा हातात मावणारा डॉपलर. प्रसूतिगृहात बाळाचे ठोके ऐकवतात त्याच जातीचं यंत्र, फक्त तिथला प्रोब दोन-तीन मेगाहर्ट्झचा आणि खोलवर ऐकणारा, इथला आठ मेगाहर्ट्झचा आणि कातडीच्या जवळच्या धमन्यांसाठीचा. डाव्या पायावर प्रोब सरकता सरकता अचानक आवाज सापडला. तुटक, टणक, एका ठोक्यात दोन-तीन पदरांचा. उजव्या पायावर मात्र शोधायला वेळ लागला आणि सापडला तो लांबट, फुसका ‘हूऽश’. मशीनवर आकडा यायचा होता, पण खोलीतल्या सगळ्यांना फरक कळला होता. काकांनाही.

मग पट्ट्यात हवा भरत आवाज बंद होईपर्यंत न्यायचं, त्याच्या वर आणखी वीस मिलिमीटर, आणि सेकंदाला दोन-तीन मिलिमीटर अशा धिम्या गतीने हवा सोडायची. आवाज जिथे परत येतो तो आकडा कागदावर. प्रत्येक पायात दोन जागा: पावलाच्या पाठीवरची धमनी आणि आतल्या घोट्यामागची. क्रमही ठरलेला. उजवा दंड, उजवा पाय, डावा पाय, शेवटी डावा दंड.

कागद असा झाला. उजवा दंड १३८, डावा १४६. उजवा पाय ९२ आणि १०४. डावा पाय १४६ आणि १५०. दोन्ही दंडांतला मोठा आकडा खाली लिहायचा, प्रत्येक पायातला मोठा आकडा वर. उजवीकडे १०४ भागिले १४६, म्हणजे ०.७१. डावीकडे १.०३.

“म्हणजे एकोणतीस टक्के ब्लॉक?” काकांनी हिशेब केला.

डॉक्टर हसले. “ब्लॉकेज किती ते हा आकडा सांगत नाही काका. अडथळा ओलांडून पुढे दाब किती उरला, ते सांगतो.”

दाब जातो कुठे

निरोगी माणसात झोपलेल्या स्थितीत घोट्याचा वरचा आकडा दंडापेक्षा दहा-पंधरा मिलिमीटरने जास्तच असतो. हृदयापासून लांब म्हणून दाब कमी असेल, असं वाटतं खरं. पण नाडीची लाट पायाच्या टोकाकडून परतते आणि येणाऱ्या लाटेत मिसळून तिची उंची वाढवते. म्हणून निरोगी भागाकार १.०० ते १.४० या पट्ट्यात बसतो. ०.९१ ते ०.९९ हा काठावरचा भाग. ०.९० आणि खाली म्हणजे आजार, ०.४० च्या खाली गेला तर पाय धोक्यात. घोट्याचा दाबच ५० मिलिमीटरच्या खाली असेल आणि झोपेतही पाय ठणकत असेल, तर वाट बघायला वेळ नसतो. असे रुग्ण रात्री पाय खाटेखाली लोंबकळत ठेवून झोपतात, कारण खाली सोडला की गुरुत्वाकर्षणाने थोडं रक्त उतरतं आणि ठणका कमी होतो.

चालतानाच का दुखतं, हे सोसायटीतल्या पाण्यावरून लगेच समजतं. पाइप गंजून आतून अरुंद झालेला असला, तरी एकच नळ चालू असेल तर धार बरी पडते. सकाळी सातला सगळ्यांनी नळ सोडले, की वरच्या मजल्यावर करंगळीएवढी धार. पोटरीचे स्नायू विश्रांतीत रक्त थोडंच मागतात. चालायला लागले की मागणी कित्येक पट वाढते आणि अरुंद धमनी ती पुरवू शकत नाही.

ही गोष्ट माणसाच्या आधी घोड्यात लक्षात आली. १८३१ साली बुले नावाच्या फ्रेंच पशुवैद्याने असा एक घोडा नोंदवला, जो थोडं धावला की मागच्या पायाने लंगडायचा आणि थांबला की ठीक व्हायचा. मेल्यावर चिरफाड केली तेव्हा मागच्या पायांकडे जाणाऱ्या धमन्या बंद सापडल्या. फ्रान्समध्येच १८५८ साली शार्को या प्रसिद्ध वैद्याने तोच आजार माणसात ओळखला.

मोजायची सोय मात्र नंतरची. हवेचा पट्टा १८९६ मध्ये इटलीत रीवा-रॉच्चीने आणला. स्टेथोस्कोपने ‘टक्-टक्’ ऐकून बीपी घेण्याची पद्धत १९०५ मध्ये रशियात निकोलाय कोरोटकॉफने मांडली. हा कोरोटकॉफ हृदयाचा डॉक्टर नव्हताच. तो शल्यविशारद होता, रशिया-जपान युद्धात धमन्यांना जखमा झालेल्या सैनिकांवर काम करत होता आणि धमनी बांधली तर पुढचा हात-पाय जगेल का, हा त्याचा प्रश्न होता. दंडावर ऐकू येणारे ते आवाज त्याला या खटपटीत सापडले. म्हणजे आज जगभर दंडाला लावून घेतात ती पद्धत हात-पाय वाचवण्याच्या धडपडीतून निघाली आणि पायालाच विसरली.

विसरण्याला तांत्रिक कारणही होतं. अरुंद धमनीच्या पुढे घोट्याशी स्टेथोस्कोपला काही ऐकूच येत नाही. १९५० साली अमेरिकेत ट्रॅव्हिस विन्सरने पाय आणि हात यांच्या दाबांची तुलना करून आजार ओळखता येतो हे दाखवलं, पण रोजच्या वापरात ते यायला आवाजाचा नवा कान हवा होता. ख्रिश्चन डॉपलरने १८४२ मध्ये प्रागला मांडलेला नियम ताऱ्यांच्या रंगांसाठी होता. तो वापरून वाहत्या रक्ताचा वेग श्राव्यातीत ध्वनिलहरींनी पकडण्याचं काम १९५०च्या दशकात जपानमध्ये सातोमुरा यांनी सुरू केलं, पुढे सिएटलमध्ये स्ट्रॅन्डनेस यांनी ते पायाच्या धमन्यांपर्यंत आणलं, आणि १९६९ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमधून याओ यांनी घोट्याच्या दाबाचा अभ्यास प्रसिद्ध केला. आज तालुक्याच्या ओपीडीत होणारी तपासणी थोड्याफार फरकाने तीच आहे.

‘वय झालं’

या आजाराला महाराष्ट्रात सगळ्यांत मोठं संरक्षण मिळतं ते ‘वय झालं’ या दोन शब्दांचं. पोटरी भरून येते? वय झालं. पाय गार पडतात? वय झालं. दुखू नये म्हणून माणूस आपसूक चालणं कमी करतो. भाजी आणायला नातवाला पाठवतो, देवळात जायचं सोडतो, आणि मग ‘आता काही दुखत नाही बघा’ असं सांगतो. दुखण्याच्या अंतराएवढं तो चालतच नाही.

अमेरिकेत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पार्टनर्स’ अभ्यासात साडेतीनशे साध्या दवाखान्यांमधल्या जवळपास सात हजार जणांचा एबीआय मोजला गेला. सत्तरीच्या पुढचे, किंवा पन्नाशी ओलांडलेले आणि मधुमेह वा धूम्रपान असलेले, असे हे लोक होते. त्यांतल्या २९ टक्क्यांना पायाच्या धमन्यांचा आजार निघाला. पुस्तकात लिहिल्यासारखं, चालल्यावर पोटरी धरणं आणि थांबल्यावर सुटणं, हे लक्षण त्यांतल्या फक्त ११ टक्क्यांना होतं. ज्यांचं निदान आधीच झालेलं होतं, त्यांच्याही डॉक्टरांपैकी निम्म्यांना ते ठाऊक नव्हतं.

आपल्याकडे त्यात मधुमेहाची भर. आयसीएमआरच्या ‘इंडियाब’ पाहणीचे २०२३ मध्ये आलेले निष्कर्ष देशात १०.१ कोटी मधुमेही असल्याचं सांगतात. मधुमेह पायावर दोन्ही बाजूंनी येतो. मोठ्या धमन्या अरुंद करतो आणि कातडीतल्या नसा बधिर करतो. रक्त कमी पडतंय हे सांगणारी वेदनाच गायब. चेन्नईत केलेल्या एका पाहणीत एबीआयने मोजलेला हा आजार एकूण लोकांत ३.२ टक्के, तर मधुमेहींमध्ये ६.३ टक्के आढळला होता.

बधिर आणि रक्त कमी असलेल्या पायाला इथल्या राहणीत धोके पुष्कळ. चपलेत खडा दिवसभर राहतो आणि कळत नाही. पाय गार पडतो म्हणून गरम पाण्याच्या पिशवीने शेक दिला जातो आणि सकाळी टाचेला फोड. नवरात्रात अनवाणी चालण्याचं व्रत अनेकजण श्रद्धेने करतात. उन्हात तापलेल्या देवळाच्या फरशीवर प्रदक्षिणा घालताना तळवा भाजला तरी जाणवत नाही. कुरूप घरच्या घरी ब्लेडने कापलं जातं. रक्त पुरेसं असलेल्या पायावर यातल्या बऱ्याच जखमा भरून येतात. रक्त कमी असलेल्या पायावर त्याच जखमा बोटापर्यंत, मग पावलापर्यंत जातात. ड्रेसिंग महिनाभर करूनही जखम भरत नसेल, तर मलम बदलण्याआधी घोट्याचा दाब बघायला हवा.

हेच फुगलेल्या शिरांबाबत. कंडक्टर, शिक्षक, पोलीस, दिवसभर उभं राहून काम करणाऱ्यांना व्हेरिकोज व्हेन्सचा त्रास होतो आणि त्यावर घट्ट पट्ट्या किंवा स्टॉकिंग्ज दिले जातात. शिरांसाठी ते योग्यच. पण त्याच पायाची धमनीही अरुंद असेल, तर घट्ट पट्टी उरलंसुरलं रक्तही अडवते. एबीआय ०.५ च्या खाली असताना असा दाब देऊच नये, ०.८ च्या खाली असेल तर पूर्ण दाबाची पट्टी बांधण्याआधी तज्ज्ञाला विचारावं. मेडिकलच्या दुकानातून परस्पर स्टॉकिंग्ज आणणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही.

आकडा फसवतो तेव्हा

या तपासणीचा सगळ्यांत मोठा दोष असा, की ज्याला तिची सर्वाधिक गरज आहे त्या मधुमेही माणसातच ती फसू शकते. जुना मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर धमनीच्या मधल्या थरात चुना जमतो आणि धमनी कडक होते. पट्टा कितीही फुगवला तरी ती दबत नाही. मग घोट्यावर २२०, २४० असे आकडे येतात आणि भागाकार १.४० च्या वर जातो. रुग्ण खुश, कारण एकच्या वर आलं. पण हा आकडा धमनी दबत नसल्याचं सांगतो. आत रक्त किती वाहतंय याबद्दल काहीच सांगत नाही. त्याहून वाईट म्हणजे कडकपणा आणि अरुंदपणा एकमेकांना भरून काढतात आणि भागाकार नेमका ‘नॉर्मल’ दिसतो.

अशा वेळी पायाच्या अंगठ्याला छोटा पट्टा लावून दाब घेतात. अंगठ्याच्या बारीक धमन्यांत हा चुना सहसा जमत नाही. अंगठ्याचा आकडा भागिले दंडाचा आकडा ०.७० च्या खाली असेल तर आजार. अंगठ्याचा दाबच ३० मिलिमीटरच्या खाली असेल तर जखम भरण्याची आशा फार कमी.

दुसरी फसगत दंडाची. एकाच दंडाचं बीपी घेतलं आणि नेमकी त्याच हाताची धमनी अरुंद निघाली, तर ज्याने भागायचं तो आकडा लहान होतो आणि भागाकार फुगतो. म्हणून दोन्ही दंड. दोन दंडांत पंधरा-वीस मिलिमीटरचा फरक असेल, तर ती स्वतंत्र तपासायची गोष्ट आहे. तिसरी फसगत विश्रांतीची. काहींचा झोपून घेतलेला आकडा ठीक येतो, पण ट्रेडमिलवर चालवून लगेच घेतला तर धाडकन पडतो. चालताना हमखास दुखतं आणि एबीआय मात्र चांगला, अशा माणसाला ‘काही नाही तुम्हाला’ असं सांगून परत पाठवू नये.

आता घरच्या मशीनचा प्रश्न. दंडाचं मशीन घोट्याला लावून पाहिलं तर चालेल का? ही मशीनं आवाज ऐकत नाहीत, पट्ट्यातली थरथर मोजतात आणि त्यावरून अंदाज बांधतात. दाब कमी असलेल्या, म्हणजे आजारी पायात त्यांचा अंदाज नेमका चुकतो. आकडा जास्त दाखवतात किंवा ‘एरर’ देतात. त्यामुळे घरी चांगला आकडा आला म्हणून निर्धास्त होऊ नये. कमी आला, किंवा वारंवार एररच आला, तर डॉपलरवाल्या डॉक्टरांकडे जायचं ते एक चांगलं निमित्त समजावं.

बिडी

पायाच्या धमन्या बंद होणं हा फक्त म्हाताऱ्यांचा आणि साखरेचा आजार नाही. तिशी-चाळिशीतला, साखर नाही, कोलेस्टेरॉल नाही, पण पायाचं बोट काळं पडलेला माणूस आला की डॉक्टर आधी त्याच्या खिशाकडे बघतात. बर्गर्स डिसीज. न्यूयॉर्कच्या लिओ बर्गरने १९०८ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. हात-पायांच्या लहान आणि मध्यम रक्तवाहिन्या सुजून गुठळ्यांनी बंद होतात, आणि हे घडतं जवळपास फक्त तंबाखू वापरणाऱ्यांत. पाश्चात्त्य देशांत तो दुर्मीळ झाला. भारत-बांगलादेशात बिडी ओढणाऱ्यांमध्ये अजून दिसतो. भंडारा-गोंदियाच्या जंगलातली तेंदूपानं आणि सिन्नर-सोलापुरात घरोघरी वळल्या जाणाऱ्या बिड्या हा या राज्यातल्या हजारो बायकांच्या पोटाचा धंदा आहे. त्याच धंद्याचं दुसरं टोक सरकारी रुग्णालयांच्या सर्जरी वॉर्डात असतं.

या आजारात अडथळा पावलातच असेल तर घोट्याचा आकडा ठीकही येतो. तिथेही अंगठ्याचा दाब उपयोगी. औषधांना मर्यादा आहेत, बायपासला जागा मिळत नाही, कारण पुढच्या वाहिन्याच बंद. खात्रीचा उपाय एकच, तंबाखू पूर्ण सोडणं. कमी करून भागत नाही. दिवसाला दोन बिड्यांवर आलेल्या माणसाचाही आजार पुढे सरकतच राहतो, आणि पूर्ण सोडणाऱ्याचा पाय बहुतेक वेळा वाचतो.

पायातला आकडा, छातीतली बातमी

एबीआय कमी आलेल्या माणसाला भीती पाय गमावण्याची वाटते. आकडेवारी वेगळं सांगते. पोटरी दुखणाऱ्यांपैकी पाय गमावणारे थोडे असतात. त्याहून कितीतरी जास्त हृदयविकाराने किंवा पक्षाघाताने जातात. पायातली धमनी जिने अरुंद झाली ती प्रक्रिया हृदयात आणि मेंदूतही चालू असते. २००८ मध्ये सोळा पाहण्यांमधल्या ४८ हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांची माहिती एकत्र केली गेली, तेव्हा ०.९० किंवा कमी एबीआय असलेल्यांचा दहा वर्षांतला मृत्यूचा धोका जवळपास दुप्पट दिसला. कोलेस्टेरॉल, धूम्रपान, बीपी हे सगळं हिशेबात धरूनही.

म्हणून उपचाराची पहिली चिठ्ठी पायापेक्षा अख्ख्या माणसाची असते. तंबाखू बंद, स्टॅटिन, रक्त पातळ ठेवणारी गोळी, साखर आणि बीपी आटोक्यात. आणि त्याच्या जोडीला चालणं. दुखतंय म्हणून चालणं सोडलेल्या माणसाला पुन्हा चाला म्हणून सांगणं विचित्र वाटतं, पण उपाय तोच. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, दुखणं उतरलं की परत चालायचं. असं तीस ते पंचेचाळीस मिनिटं, आठवड्यातून निदान तीनदा, किमान बारा आठवडे. अडलेली धमनी त्याने उघडत नाही, पण स्नायू कमी रक्तात जास्त काम करायला शिकतात आणि न दुखता चालण्याचं अंतर बरंच वाढतं. पायावर जखम असेल तर मात्र हा सल्ला लागू नाही. ड्रायव्हरकाकांना दिलेल्या कागदावर पहिल्या ओळीत हेच होतं, आणि खाली मोठ्या अक्षरांत: ‘बिडी नाही. एकही नाही.’

याने भागलं नाही तर धमनी फुग्याने उघडता येते किंवा बायपास करता येतो. फुग्याचा इतिहासही पायातूनच सुरू होतो. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये चार्ल्स डॉटर या रेडिओलॉजिस्टने ८२ वर्षांच्या एका बाईंच्या मांडीतली अरुंद धमनी नळ्या घालून रुंद केली. त्या वेळी फुगा नव्हता, एकात एक बसणाऱ्या नळ्या होत्या. बाईंच्या पावलाला गँगरीन झालं होतं, सर्जननी पाय कापायचा सल्ला दिला होता आणि त्यांनी साफ नकार दिला होता. पाय वाचला, पुढे अडीच वर्षांनी न्यूमोनियाने जाईपर्यंत त्या स्वतःच्या पायावर चालत होत्या. आज हृदयाच्या अँजिओप्लास्टीच्या जाहिराती हमरस्त्यावर लागतात. पहिली अँजिओप्लास्टी पायाची होती.

मग करत का नाहीत?

डॉक्टरांना हा प्रश्न विचारला की पहिलं उत्तर येतं वेळेचं. ज्या ओपीडीत एका माणसामागे तीन-चार मिनिटं मिळतात, तिथे मोजे काढायचे, दहा मिनिटं झोपवायचं, सहा ठिकाणी दाब घ्यायचा, हे बसत नाही. दुसरं उत्तर हळू आवाजात येतं. ही तपासणी स्वस्त आहे. एमआरआयचा रिपोर्ट घरी नेता येतो, फ्रेम केल्यासारखा दाखवता येतो. भागाकाराच्या एका ओळीला रुग्णही मोल देत नाही. तिसरं, हातात मावणारा डॉपलर प्रसूतिगृहात असतो, फिजिशियनच्या टेबलावर नसतो.

सरसकट सगळ्यांची करावी का, यावर तज्ज्ञांत खरोखरच मतभेद आहेत. लक्षणं नसलेल्यांची तपासणी करून फायदा होतो असं म्हणायला पुरावा पुरेसा नाही, असं अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०१८ मध्ये म्हटलं. त्याच्या आदल्या वर्षी डेन्मार्कमधल्या ‘व्हिवा’ चाचणीने ६५ ते ७४ वयाच्या पन्नास हजार पुरुषांत पोटातली महाधमनी, पायाच्या धमन्या आणि बीपी या तिन्हींची तपासणी केली, तर पाच वर्षांतले मृत्यू ७ टक्क्यांनी घटतात असं दाखवलं होतं. त्यात एकट्या घोट्याच्या दाबाचं श्रेय किती, हे वेगळं काढता येत नाही. अमेरिकन हृदयतज्ज्ञांच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना मधला रस्ता घेतात. वय ६५ च्या पुढे असेल; ५० ते ६४ मध्ये असाल आणि मधुमेह, तंबाखू, बीपी यांसारखा धोका असेल; किंवा पन्नाशीच्या आत असाल पण मधुमेहाबरोबर आणखी एखादा धोका असेल, तर लक्षणं नसतानाही मोजणं रास्त. लक्षणं किंवा न भरणारी जखम असेल तर वादच नाही, मोजायचंच.

आपल्याकडे असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचं बीपी आणि साखर बघायची आहे. आरोग्य उपकेंद्रात पट्टा आहे, पलंग आहे, प्रशिक्षित सिस्टर आहे. मधुमेही रुग्णांपुरती जरी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात एका डॉपलरची आणि अंगठ्याच्या पट्ट्याची भर पडली, तरी जखम होण्याआधी धोक्याचे पाय वेगळे काढता येतील. मोठं हॉस्पिटल बांधण्यापेक्षा हे कितीतरी सोपं आहे, आणि कदाचित म्हणूनच ते कुणाच्या भाषणात येत नाही.

तोवर रुग्णाच्या घरच्यांनी एक गोष्ट पदरात बांधून ठेवावी. अमेरिकेत, जिथे तपासण्यांची रेलचेल आहे तिथेही, २००० ते २०१० या काळात पाय कापलेल्या ज्येष्ठ रुग्णांपैकी जवळपास एक तृतीयांश जणांच्या धमन्यांची आदल्या वर्षभरात एकही तपासणी झालेली नव्हती. इथे परिस्थिती याहून चांगली असेल असं मानायला काही आधार नाही. जंतुसंसर्ग अंगभर पसरत असेल तेव्हा जीव वाचवायला पाय काढावाच लागतो आणि तिथे तासांचा हिशेब असतो. पण जिथे निर्णयाला एक-दोन दिवस आहेत, तिथे संमतीपत्रावर सही करण्याआधी तीन प्रश्न विचारण्याचा नातेवाइकांना पूर्ण हक्क आहे. घोट्याचा दाब किती आहे? अंगठ्याचा किती आहे? धमनी उघडता येईल का, हे व्हॅस्क्युलर सर्जनने पाहिलं आहे का? चांगला सर्जन या प्रश्नांनी चिडत नाही. त्याने ते आकडे आधीच केसपेपरवर लिहिलेले असतात.